रुक्माबाईचं तिसावं वर्ष

रुक्माबाई तिसाव्या वर्षी जाणार, ही गोष्ट त्या घरात इतकी मुरली होती की लोणचं घालताना सासू सहज बोलून जायची, "मिठाचा अंदाज विमलले दाखवून ठेवजो व. पुढं तिलेच पाह्यचं हाय." आणि रुक्माबाईही तितक्याच सहज बहिणीला हाक मारून बरणीजवळ बसवायची.

सुरुवात झाली छप्पन सालच्या दिवाळीनंतर. रुक्मा तेव्हा तेवीस वर्षांची होती. पदरी दोन लेकरं, चार वर्षांची हंसा आणि मांडीवरचा बबन. नवरा घनश्याम दिग्रसच्या एका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर कारकून. घरातलं गजराचं घड्याळ बंद पडलं, म्हणून तो ते घेऊन रहेमान घड्याळजीकडे निघाला. रुक्माला बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून तीही लेकरं सासूजवळ ठेवून बरोबर गेली.

रहेमानचाचांना हात पाहायचा नाद होता. त्याचे ते पैसे घेत नसत. मशिदीतले बुजुर्ग त्यांना रागवत, हे बरं नाही म्हणत, पण डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसासमोर लोक घड्याळाबरोबर हातही पुढे करत, आणि चाचांना नाही म्हणता येत नसे. त्या दिवशी घनश्यामच म्हणाला, "चाचा, इचा पाहा ना. माह्याआधी जाते का मले घालवते, तेवढं सांगा."

चाचांनी तिचा हात हातात घेतला नाही. मेजावरच्या काचेवर डावा तळवा उताणा ठेवायला सांगितला आणि घड्याळाच्या बारीक चिमट्याच्या टोकानं, कातडीला न लावता, दाखवू लागले.

"ही आयुष्यरेषा. इथून निघाली, अंगठ्याच्या गादीले वळसा घालून मनगटाकडे उतरली. इथं पाहा, जवाच्या दाण्यासारखं दिसते. लहानपणी मोठं दुःख. आई नाही ना तुमची?"

रुक्मानं मान डोलवली. तिची आई ती तेरा वर्षांची असताना गेली होती. सहा वर्षांच्या विमलला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं.

चिमटा हळूहळू खाली सरकला आणि थांबला. चाचा वाकले. "इथं तुटली हाय."

"तुटली म्हंजे?"

"खंड पडला. तीसच्या आसपास."

रुक्मानं हात ओढून घेतला. पुढचं ऐकायला ती थांबली नाही. पदराखाली हात झाकून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली आणि समोरच्या कासाराच्या दुकानाशी जाऊन उभी राहिली. घनश्याम बऱ्याच वेळानं आला.

"अजून काय म्हणले?"

"काही नाही. चाल," तो म्हणाला.

बांगड्या न भरताच दोघं घरी आली.

पहिले दोन महिने ती फक्त रडली. लेकरं झोपली की त्यांचे चेहरे पाहत बसायची. शेजारच्या घरात सावत्र आई आली होती, आणि तिथली पोरगी ओट्यावर उपाशी बसलेली रुक्मानं रोज पाहिली होती. आपल्या हंसाचं तसं होईल, हा विचार तिची पाठ सोडत नसे. मग संक्रांतीच्या सुमारास तिला उपाय सुचला, आणि सुचल्याबरोबर रडणं थांबलं. विमल. सोळा वर्षांची, हसरी, कामाला चपळ. आपण गेल्यावर घनश्यामनं विमलशी लग्न करायचं. मावशीच आई झाली की लेकरांना सावत्रपणा शिवणार नाही.

तिनं कळंबजवळच्या गावाहून वडलांना, रामरावाला, बोलावून घेतलं. रामराव थकलेला, बोलायला कमी माणूस. बायको गेल्यापासून घरातला प्रत्येक निर्णय तो मोठ्या लेकीला विचारून घेत आला होता.

"तिले विचारलं का व तू?" एवढंच तो म्हणाला.

"तिले काय समजते, बाबा? मीच वाढवलं ना तिले. तिच्या भल्याचंच करून राह्यली मी."

विमलला गळ घालताना रुक्मानं तिचे दोन्ही हात धरले होते. "सात वर्षं थांब फक्त. माह्या लेकराइसाठी." विमल त्या वेळी ताईच्या मरणाच्या कल्पनेनंच इतकी रडली की तिनं कशाला होकार दिला, हे तिला तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे. पुढच्या पावसाळ्यानंतर ती दिग्रसला राहायला आली. लेकरांना सवय व्हायला हवी, असं रुक्मा म्हणाली.

आणि एक गोष्ट रुक्मानं कधी कोणाला सांगितली नाही. मरायचं ठरल्यापासून तिचे दिवस सुखाचे झाले होते. लग्न झाल्यापासून उठताबसता टोचून बोलणारी सासू आता तिला धाकानं जपू लागली. मरणाऱ्या सुनेचा तळतळाट कोणाला हवा? धुणं-भांडी विमलकडे गेली. आळीतल्या बायका रुक्माजवळ येऊन बसत, तिच्या धीराची वाखाणणी करत. "काय काळीज हाय बाई, आपल्या हातानं सवत तयार करून राह्यली." ती हलकंसं हसे. त्या हसण्यातही लोकांना काहीतरी थोर दिसे.

एकोणसाठ साली विमलला मागणी आली. कळंबच्या शाळेतले मनोहर मास्तर. विमल गावी गेली असताना चिंतामणीच्या जत्रेत त्यांनी तिला पाहिलं होतं, विमलनंही त्यांना. वय सव्वीस, निर्व्यसनी, घरी एकटी आई. रामराव स्वतः विचारायला दिग्रसला आला. ओसरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी खाली पाहत म्हणाला, "पोरगा चांगला हाय, रुक्मा."

विमल दाराआड उभी होती. रुक्माला तिचं पाऊल दिसत होतं.

"चांगला असन," रुक्मा म्हणाली. "मंग माह्या लेकराइचं काय करू ते सांगा. चार वर्षं राह्यली माही, बाबा. चार वर्षं तुमच्यानं थांबवत नाही?"

रामराव टोपी उचलून उठला. दाराआडचं पाऊल मागे सरकलं. त्या दिवशी विमल जेवली नाही, दुसऱ्या दिवशी मात्र रोजच्यासारखी उठून कामाला लागली, आणि मास्तरांचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. वर्षभरात त्यांचं लग्न दुसरीकडे झाल्याचं कळलं. रुक्मानं ते ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या वर्षांत रुक्मानं बहिणीला घर शिकवलं. घनश्यामला भाकर पातळ लागते, चहात साखर कमी, रागावला की बोलायचं नाही, आपोआप निवळतो. विमल मान डोलवायची. हंसाच्या वेण्या विमल घालायची, बबन विमलच्या कुशीत झोपायचा. पडला, खरचटलं, की तो "मावशी" म्हणून रडायचा. रुक्माला वाटे, जमलं. मग लगेच ती स्वतःलाच समजावे की हेच तर हवं होतं.

घनश्याम बाजारातून आता दोन लुगडी आणू लागला. रंग वेगळे, पोत एकच. एका पोळ्याला त्यानं विमलसाठी आणलेलं लुगडं उजवं होतं. रुक्मानं ते हातात घेऊन पाहिलं, घडी घातली आणि विमलच्या पेटीत नेऊन ठेवलं.

"कायद्यानं आता दोन बायका करता येत नाहीत," जिनातला कोणीतरी घनश्यामला चिडवताना म्हणाला होता. त्यानं ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. पुढं पुस्ती जोडली, "आपल्याले कायले दोन कराच्या हायेत? एकामागं एक." सासू हसली. रुक्माही हसली. विमल ताटं उचलत होती.

त्रेसष्ट साली, तिसावं लागल्यावर चौथ्या महिन्यात, रुक्माला ताप आला. साधा नव्हता, मुदतीचा, टायफॉइडचा होता. आठ दिवसांत ती बाजेला खिळली. सगळं अंदाजाप्रमाणे होत होतं. सासूनं नातेवाइकांना निरोप धाडले. रामराव आला आणि लेकीच्या पायथ्याशी बसून राहिला. शुद्धीवर असताना रुक्मानं हंसाचा हात विमलच्या हातात दिला, बबनचा दिला, आणि मग घनश्यामकडे पाहिलं. तो खिडकीशी उभा होता. पाठमोरा.

डॉक्टरांनी यवतमाळहून नव्या कॅप्सुली मागवल्या. विमल मोजून वेळेवर देत होती. घरात तेवढी एकटीच तिच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलत होती. एकविसाव्या दिवशी ताप उतरला आणि परत चढला नाही. महिन्यानं रुक्मा भिंतीला धरून चालू लागली. पहिल्यांदा ती स्वयंपाकघरापर्यंत आली तेव्हा विमल चुलीपाशी होती, सासू तूर निवडत होती. दोघींनी वर पाहिलं. मग सासू म्हणाली, "उठली का?" आणि पुन्हा सुपाकडे पाहू लागली.

तिसावं वर्ष सरलं. एकतिसावं लागलं, तेही अर्धं गेलं. रुक्माचे गाल भरून आले. आळीतल्या बायका येईनाशा झाल्या. ज्या येत त्या तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. सासूची जीभ जुन्या वळणावर आली. विमल चोवीस वर्षांची झाली होती, आणि मेव्हण्याच्या घरी सहा-सात वर्षं राहिलेल्या पोरीबद्दल लोक जे बोलायचं ते बोलत होते. त्यात खरं काहीच नव्हतं. खरं नसल्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

शेवटी रामराव येऊन तिला घेऊन गेला. जाताना बबन तिच्या लुगड्याला धरून ओट्यापर्यंत फरफटत गेला. घनश्याम त्या दिवशी जिनातून उशिरा आला.

रामरावानं बारा ठिकाणी पाय झिजवले. पासष्टच्या उन्हाळ्यात पुसदच्या एका बिजवराला विमल दिली. वय बेचाळीस, दम्याचा आजार, पहिलीच्या तीन मुली. लग्नात रुक्मा होती. विमल तिच्या पाया पडली, तेव्हा तिनं बहिणीला जवळ ओढायला हात पुढे केले. विमल तोवर पुढच्या माणसाच्या पाया पडायला वळली होती.

त्याच वर्षी दसऱ्याआधी रुक्मा रहेमानचाचांच्या दुकानात गेली. एकटीच. काही दुरुस्तीला नव्हतं. तिला त्या माणसाला फक्त एकदा विचारायचं होतं, की तू माझ्या घराची ही अवस्था का केलीस.

चाचा म्हातारे झाले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही. नवऱ्याचं नाव सांगितल्यावर थोडं आठवलं. तिचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात ठेवा, बाई. दोन्ही."

भिंग लावून ते खूप वेळ पाहत राहिले. मग भिंग काढून पुसलं.

"हे तर मी तेव्हाच सांगतलं होतं."

"काय सांगतलं होतं?"

"रेष तुटली हाय, बराबर. पण तुटली तिथं चारी बाजूनं चौकोन हाय, हा पाहा. तुटक्या रेषेवर चौकोन असला तर दुखणं मोठं येते, जीव वाचते. आणि तुमचा उजवा हात मी पायलाच नव्हता. तुम्ही उठून गेल्या. दोन्ही हातावर खंड असला तरच भ्यायचं. उजव्यावर पाहा, कुठं हाय? सरळ चालली मनगटापर्यंत." ते थांबले. "तुमच्या मालकाले सगळं समजावून सांगतलं मी. म्हटलं, त्याइले परत घेऊन या, घाबरल्या हायेत. लय वेळ बसले होते ते. तुम्हाले बोलले नाही?"

रुक्मा काचेवरच्या आपल्या दोन हातांकडे पाहत राहिली.

"बाई, मी नादापायी पाहतो," चाचा हळू आवाजात म्हणाले. "यावर कोणाचं लग्न अडन हे ठाऊक असतं तर तुमचा हात पायलाच नसता."

घनश्याम दुपारच्या जेवणाला आला. रुक्मानं ताट वाढलं, समोर बसली आणि विचारलं. त्याचा हात भाकरीवर थांबला, पण फार वेळ नाही.

"सांगतलं असन. नऊ वर्षं झाली त्याले."

"चौकोनाचं सांगतलं का नाही?"

"हो. काहीतरी म्हणला होता चौकोन-बिकोन. माहा विश्वासच नव्हता असल्या गोष्टीवर."

"नव्हता तर मी मरणार म्हून सात वर्षं घर चाललं, तवा काहून नाही बोलले?"

तो घास चावत राहिला. गिळून झाल्यावर म्हणाला, "पहिले सांगणारच होतो. मंग तूच विमलचं काढलं. तूच बापाले बोलावलं. इतकी मन लावून करून राह्यली होती सगळं, मी कायले मधात बोलू?" तो पाणी प्यायला. "आणि खरं सांगू का, मले काही वाईट नव्हतं वाटत ते."

त्यानं हे रागानं म्हटलं नाही, लाजूनही नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि हात धुवून जिनात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं रुक्मा पुसदला गेली. विमलला हे कळलंच पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. दोष कोणाचा, ते तिला समजलं पाहिजे.

विमलचं घर शाळेमागच्या गल्लीत होतं. आतून खोकल्याचा आवाज येत होता. विमल अंगणात सावत्र मुलींपैकी धाकटीचं डोकं विंचरत होती. बहिणीला पाहून ती उठली, पाणी दिलं, सतरंजी टाकली. मुलगी आत गेली. रुक्मानं सगळं सांगितलं, चाचांचं, चौकोनाचं, घनश्यामचं. सांगताना ती रडली. विमल गुडघ्यावर हनुवटी टेकवून ऐकत होती.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"चौकोनाचं नाही. भाऊजीचं. रोज सकाळी मले विचारत, ताईले आज कसं वाटते. तू बरी हाय म्हटलं की त्याइचं तोंड उतरे. मले अंगाले कधी हात लावला नाही त्याइनं. पण वाट पाहत होते. ज्याची वाट पाहत होते ते तुह्यं मरण होतं, ताई, आणि मी त्याच घरात भाकरी थापत होती."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

विमलनं तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू ऐकणार होती? मास्तरांच्या वेळेस मी दाराआड उभी होती. तुले दिसत होती मी."

रुक्मानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"आता तू सांगायले आली, भाऊजीनं लपवलं. लपवलं त्याइनं, खरं हाय. पण रहेमानचाचाचं दुकान कुठं होतं? आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सात वर्षं तू त्याच रस्त्यानं बाजारात गेली. मीबी गेली तुह्यासंग. तुले एकदा नाही वाटलं, जाऊन परत विचारावं? जिवावरची गोष्ट होती, लोक काशीपर्यंत जातात." तिचा आवाज चढला नव्हता. "तुले विचारायचं नव्हतं. मरणार म्हटल्यावर सारे तुह्या भवती बसत होते. तुले ते गोड लागत होतं."

"मी लेकराइसाठी केलं, विमल. आईची आण."

"आईचं नाव नोको घेऊ."

आतून खोकल्याची मोठी उबळ आली आणि विमल उठून गेली. बराच वेळ भांड्याचा, पाठ चोळल्याचा, हळू बोलण्याचा आवाज येत राहिला. मग ती चहा घेऊन आली. रुक्मानं घोट घेतला. चहात साखर कमी होती, घनश्यामला लागते तशी. विमलच्याही ते लक्षात आलं. ती परत आत गेली आणि साखरेचा डबा आणून तिच्यासमोर ठेवला.

"दोनची एस.टी. हाय दिग्रसची," ती म्हणाली. "हंसाले, बबनले सांगजो, मावशी बरी हाय. आणि तू आता येऊ नोको, ताई. मी बोलावीन तवा ये."

"कधी बोलावशीन?"

धाकटी मुलगी अर्धी वेणी घेऊन दारात येऊन उभी होती. विमलनं तिला मांडीशी ओढलं आणि राहिलेले केस विंचरू लागली.

रुक्मा घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. घनश्याम जेवायला बसला. कुठं गेली होतीस, असं त्यानं विचारलं नाही. सासूनं सांगितलंच असणार. दोन घास खाल्ल्यावर, ताटाकडेच पाहत, तो म्हणाला, "कशी हाय?"

"हाडं निघाली हायेत. नवऱ्याची पाठ चोळत बसते."

थोडा वेळ त्यानं भाकरीचा तुकडा वरणात फिरवला, मग ताट सरकवून उठला. अर्धी भाकर तशीच राहिली होती.

रुक्मा त्या ताटाकडे पाहत बसली. ती तापात पडली होती ते एकवीस दिवस तिला आठवले. बाजेवरून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसायचं. त्या एकवीस दिवसांत या माणसानं एकाही वेळचं अन्न टाकलं नव्हतं.

"आई, मावशी काय म्हणली?" हंसानं बाजूच्या खोलीतून विचारलं.

"बरी हाय म्हणली," रुक्मा म्हणाली, आणि खरकटं काढायला उठली.